शिट्टी फक्त आभाळासाठी

पॉलिसीत काय बसतं यात त्यांना कधीच रस नव्हता. आमच्या विमा कंपनीच्या उदगीरच्या शाखेत माणसं येतात ती काय मिळेल हे विचारायला. हे गृहस्थ देवणीकडच्या एका गावातून एसटीने यायचे, डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून माझ्या टेबलासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "म्याडम, काय काय बसत न्हाई, तेवढं सांगा."

त्यांच्याकडे मोटारसायकल नव्हती, सायकलही नव्हती. हेल्मेट ते एसटीत घालायचे. खड्डा आला की डोकं वरच्या दांडीला आपटतं, असं त्यांचं म्हणणं. बसमधलं कुणीतरी विचारायचंच, "काका, गाडी कुठं सोडली?" ते शांतपणे सांगायचे, "गाडीतच तर बसलोय की."

नोकरी त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर म्हणून केली होती. फुटबॉल शिकले होते हैदराबादेत, लहानपणी मामाकडे शाळेला असताना. निवृत्त झाल्यावर, कबड्डीपलीकडे खेळ माहीत नसलेल्या गावात त्यांनी मुलामुलींचा फुटबॉलचा क्लब काढला. गाव त्यांना सर म्हणू लागलं, मीही सरच म्हणायची. मुलांशी बोलताना मात्र त्यांचा दवाखाना सुटला नव्हता. कुणी लंगडायला लागलं की म्हणायचे, "खूर दाखव." दमलेल्या पोराकडे बोट करून, "पाणी दाखवा ह्याला." आणि गोलकीपरला, "तू दावणीचं जनावर. सगळी पांगली तरी तू जागा सोडायची न्हाई. मैदानातून सगळ्यात शेवटी तू निघायचं." हा नियम ते हसत सांगायचे आणि मुलं हसत पाळायची.

पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते एका बाईच्या टोमण्यामुळे. वच्छला नावाची ही बाई शेतात मजुरीला जायची. नवरा पुण्याला वॉचमन, घरात दोन मुली. थोरली प्रतीक्षा उंच आणि लांब हातांची, आणि सरांना ती गोलात हवी होती. ते घरी विचारायला गेले तेव्हा वच्छला भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "न्या की. पण हातपाय मोडला तर? तुमच्या त्या बॉलाचा इमा काढलाय का?"

दुसरा कुणी हसून उठला असता. हे दुसऱ्या दिवशी उदगीरला आले.

मी त्यांना क्लबसाठी असलेला सामूहिक अपघात विमा समजावून सांगितला. सराव किंवा सामना चालू असताना मैदानावर झालेला अपघात, सामन्याला नेता-आणताना गाडीत झालेला अपघात. मृत्यू झाला, डोळा गेला, हात गेला, पाय गेला, तर बसतं. मी बोलत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"वीज पडली तर?" त्यांनी विचारलं.

"सराव चालू असताना पडली तर बसतं."

"बसतं?" त्यांनी मान हलवली. "म्याडम, तुमच्यात बसणारं समदं लई वाईट हाय. ते नका सांगू मला. न बसणारं सांगा."

मग मी न बसणारं सांगितलं. सराव संपल्यावर घरी जाताना काही झालं तर बसत नाही. सरावानंतर विहिरीत पोहायला गेले तर बसत नाही. आपसात मारामारी झाली तर बसत नाही. दात पडला, नाक वाकडं झालं, तोंडावर व्रण राहिला आणि त्यापायी मुलीचं लग्न मोडलं, तर तेही बसत नाही. हे शेवटचं त्यांनीच विचारलं होतं, आणि आमचे साहेब त्यावर पलीकडच्या टेबलावरून मोठ्याने हसले होते.

सर हसले नाहीत. "ठीक हाय," म्हणाले. "बसंल ते तुमचं. न बसंल त्याचा जिम्मा माझा."

असं बोलणारी माणसं मला रोज भेटतात. हे तसं वागले, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

सराव झाला की मुलं जवळच्या विहिरीवर पोहायला पळायची. ओरडून ऐकणारी मुलं ती नव्हती. सर विहिरीच्या काठावर बसायला लागले, कमरेला जाड दोर बांधून. दोराचं दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला. मी एकदा कामानिमित्त त्या गावी गेले होते तेव्हा हे दृश्य पाहिलं.

"पोहता येतं का सर तुम्हाला?"

"न्हाई."

"मग उडी मारून काय करणार?"

"येत न्हाई म्हणूनच दोर बांधलाय की." माझा प्रश्नच त्यांना कळला नाही असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलींना ते घरापर्यंत पोचवायचे. गावात कुणाचं शेतात घर, कुणाचं तांड्याकडे. शेवटच्या मुलीला दारात सोडून परत येईपर्यंत अंधार व्हायचा. दारात उभं राहून ते घरच्यांना म्हणायचे, "मोजून घ्या. हात दोन, खूर दोन." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पण वेशीपासून एकटीने यायचं नाही, हे त्या गावातल्या मुलींना त्यांच्यामुळेच अंगवळणी पडलं.

दाताचंही खरंच घडलं. एका मुलीचा पुढचा दात बॉल लागून मोडला. पुढे तिचं लग्न ठरत होतं. पाहुणे देगलूरकडचे, दात बघून कुरकुर करायला लागले. मुलीचा बाप सरांच्या दारात येऊन उभा राहिला, "तुमी जिम्मा घेतलता." सर हेल्मेट घालून देगलूरला गेले. मुलाच्या चुलत्याला म्हणाले, "दात मोडला, पण तिनं गोल हू दिला न्हाई. घरात अशी सून आली तर तुमच्या घराकडं वाकडी नजर करील का कुणी?" चुलता म्हणाला, "सर, आमाला सून पायजे, वॉचमन न्हाई." सर म्हणाले, "एका पगारात दोनी भेटून राहिलंय, घ्या की." लग्न झालं. ते त्यांच्या बोलण्याने झालं की सर तिथून उठतच नव्हते म्हणून झालं, मला माहीत नाही.

मैदान म्हणजे गावचा बैलबाजार भरायचा तो माळ. आठवड्यातून एक दिवस तिथे बैल, म्हशी, व्यापारी, नालबंद. दुसऱ्या दिवशी बाजार उठलेला असायचा, पण जमिनीत लाकडी मेखा राहायच्या, आणि जिथे नालबंद बसायचा तिथून चहूकडे बैलांच्या नालांचे खिळे उडालेले असायचे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सर बॉलला हात लावू द्यायचे नाहीत. मुलं खांद्याला खांदा लावून माळाच्या एका टोकाला ओळीत उभी राहायची आणि खाली बघत हळूहळू दुसऱ्या टोकाला जायची. ह्याला ते झाडा घेणं म्हणायचे. मुलांच्या पायात बूट, ते स्वतः ओळीच्या मधोमध अनवाणी. सापडलेला प्रत्येक खिळा त्यांच्या खिशात टाकायचा, इकडेतिकडे फेकायचा नाही, असा नियम. त्यांच्या सगळ्या पँटींचे खिसे त्यामुळे फाटलेले. उदगीरला आले की कधी कधी तो खिसा माझ्या टेबलावर रिकामा करायचे.

"हे काय सर?"

"ह्या हप्त्यात जे झालं न्हाई, ते."

आमच्या शिपायाला ते भंगार उचलावं लागायचं, म्हणून तो त्यांच्यावर चिडून असायचा.

गळ्यात शिट्टी असायची, पण खेळात ती त्यांनी कधी वाजवली नाही. फाउल झाला, बॉल बाहेर गेला, तर हातातली काठी वर करून ओरडायचे, बैल वळवतात तसे. शिट्टी फक्त आभाळासाठी. लांब कुठे गडगडलं की ती वाजायची, आणि वाजली की हातातलं सगळं टाकून माळाच्या कडेच्या शाळेच्या व्हरांड्यात पळायचं. आमच्या भागात दरवर्षी विजेने माणसं जातात, जनावरं जातात. मोबाईलवर इशारे येतात, पण त्या माळावर रेंज यायची नाही. शिट्टी वाजवत ते स्वतः पुढे पळायचे, कारण व्हरांड्याचं लोखंडी दार अडकायचं आणि ते खांदा लावून त्यांनाच उघडावं लागायचं.

परतीच्या पावसाचे दिवस होते. ऊन होतं. देवणीच्या अंगाने आभाळ भरून आलं आणि एकदा गडगडलं. शिट्टी झाली. मुलं पळाली, सर पुढे दाराकडे पळाले. दार उघडून त्यांनी मागे बघितलं तेव्हा मुलं धापा टाकत व्हरांड्यात शिरत होती, आणि प्रतीक्षा गोलात उभी होती. त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. मग वीज पडली.

मला फोन त्यांचाच आला. आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, "म्याडम, गोलकीपर गेली." आणि फोन ठेवला.

पंचनामा झाला. तहसीलची मदत तिकडच्या वाटेने येणार होती, आमचं काम आमच्याकडे होतं. कंपनीने तपासनीस पाठवला. त्याला सरांनी जे सांगितलं ते त्याने तसंच उतरवून आणलं. शिट्टी वाजली होती, म्हणजे सराव बंद झाला होता. शिट्टीनंतरचं सगळं माझ्या जिम्म्याचं, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. तपासनीस बिचारा मला म्हणाला, "मॅडम, क्लेम बसत नाही असं सांगणारा क्लेमवाला मी पहिल्यांदा बघितला." साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. सराव संपल्यावरचा अपघात बसत नाही, हे सरांना मीच शिकवलं होतं.

मी त्या गावी गेले. गोलाचा लोखंडी पाइप तसाच होता. संघातल्या मुलींना बोलावलं. त्यातली एक, प्रतीक्षाच्या शेजारच्या घरातली, मला म्हणाली, "म्याडम, ती थांबणारच की. तिनं शेवटी निघायचं असतंय. आमी समदे पळालाव, ती हितं हुबी. बोट करून आमाला मोजून राहिली होती."

"कुणी सांगितलं होतं तिला?"

"सरांनीच. पैल्या दिवसापासनं."

मला एवढं पुरेसं होतं. प्रशिक्षकाने घालून दिलेला नियम पाळत ती मैदानावर थांबली होती, म्हणजे तिच्यापुरता सराव संपलेला नव्हता. क्लेम बसत होता. फक्त सरांनी तसं लिहून सही करायला हवी होती.

मी त्यांना आणि वच्छलाला उदगीरला बोलावलं. दोघं एकाच बसने आले, वेगवेगळ्या सीटवर बसून. वच्छला खुर्चीच्या कडेवर बसली, सर नेहमीसारखे उभे राहिले. मी सगळं सांगितलं. मला गोल गोल बोलता येत नाही, आणि त्या दिवशी तर त्याचा उपयोगही नव्हता.

त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "म्हणजे तिचा खेळ चालूच होता."

"हो."

"खेळ चालू होता, आन् मी मैदानाच्या भाईर होतो."

"तुम्ही दार उघडायला गेला होता सर."

"इचारलं त्याचं सांगा, म्याडम. एक खेळाडू मैदानात असताना मी भाईर होतो का न्हाई?"

"होता."

"आन् ती माझ्या नियमानं थांबली."

"हो. म्हणूनच बसतं ते."

ते बराच वेळ हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "शिट्टी झाली, सराव संपला, पुढचं माझं. तेवढं मला उचलता येतंय म्याडम. तेवढं ठिवा माझ्याकडं. हे दुसरं न्हाई उचलत."

मी म्हणाले, "मग ह्या बाईंना आमच्याकडून काहीच मिळणार नाही. धाकटी आहे घरात."

वच्छला सरांकडे न बघता माझ्या टेबलाकडे बघत म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत न्हाई सर. खेळ चालू होता का सपला होता, ते तुमी दोघं ठरवा. माझी पोरगी सांच्याला घरी आली न्हाई, एवढंच मला कळतंय. तुमी दारात यून म्हणायचे, मोजून घ्या. त्या दिवशी कुणी आलं न्हाई मोजून द्यायला."

सर खाली बसले. माझ्या कचेरीत खुर्चीवर बसलेले मी त्यांना तेवढ्या एकदाच पाहिलं. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. सही करताना त्यांनी विचारलं, "हे बसलं म्हणजे आता ते तुमचं?"

"हो सर. सगळं बसलं."

"मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

मी दोघांना चहा दिला. सरांनी घेतला नाही. वच्छलाने बशीत ओतून घेतला, आणि उठताना सरांना म्हणाली, "चला, गाडी जाईल." जाताना ते तिच्यामागून गेले. हेल्मेट टेबलावरच राहिलं. मी शिपायाला पळवलं, तो स्टँडवर जाऊन देऊन आला. सर घालून घेत नव्हते, मग वच्छलाने ते मांडीवर धरलं, असं त्याने येऊन सांगितलं.

क्लेम मंजूर झाला. प्रतीक्षाची धाकटी बहीण लातूरला होस्टेलवर राहून शिकते आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

क्लब बंद पडला. कुणी ठराव केला नाही, फक्त एकेका घरातून मुलं येईनाशी झाली. वर्ष संपलं तेव्हा मी फोन करून पॉलिसीबद्दल विचारलं. सर म्हणाले, "कुणाची काढता म्याडम? मैदानात कुणी न्हाई." त्यानंतर ते उदगीरला आले नाहीत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते माळावर एकटेच झाडा घ्यायचे. ओळीने एका फेरीत होणारं काम एकट्याला सकाळभर पुरायचं. वच्छला मजुरीला तिथूनच जायची. तिने एकदा विचारलं, "सर, पोरं न्हाईत, खेळ न्हाई, मग कामून झाडून राहिलात?" ते म्हणाले, "बैलाच्या खुरात जातंय." पुढे एकदा ती स्वतः होऊन म्हणाली, धाकटी सुट्टीला आली आहे, तिला बॉल शिकवा. सर नुसते "न्हाई" म्हणाले आणि खाली बघत पुढे गेले. हे मला वच्छलानेच सांगितलं, बँकेच्या कामाला उदगीरला आली होती तेव्हा. "लई वाळलेत," म्हणाली. "मी भाकर ठिवून येते. खातेत का न्हाई, म्हाईत न्हाई."

ह्या वर्षी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका गेले, म्हणाला, चुलीसमोर बसल्या बसल्या. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. त्यांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर "न बसणारं" ह्या नावाने होता, म्हणून त्याला जरा वेळ कळलं नाही, हे कुणाचं.

मी रजा टाकून मातीला गेले. बाजाराचा दुसरा दिवस होता. गावातून मसणवट्याकडे जायची वाट त्या माळावरूनच जाते. आमच्याकडे कुठे बायका मातीला जातात, कुठे जात नाहीत. त्या दिवशी कुणी कुणाला अडवलं नाही. संघातल्या मुली आल्या होत्या, काही आता लग्न झालेल्या. मोडक्या दाताची देगलूरहून आली होती, मूल कडेवर घेऊन.

तिरडी माळाच्या कडेला आली. खांदा देणारे अनवाणी होते. मुली आपसात काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. त्या तिरडीला ओलांडून पुढे गेल्या, खांद्याला खांदा लावून ओळीत उभ्या राहिल्या आणि खाली बघत हळूहळू चालायला लागल्या. वाकायच्या, उचलायच्या, पुढे जायच्या. तिरडी त्यांच्या चालीने मागून येत होती. पुतण्या "बघा, ऊन व्हायलंय" म्हणाला, पण ओळीची चाल तीच राहिली. वच्छला ओळीच्या टोकाला होती. मीही चपला काढल्या आणि तिच्या शेजारी गेले. मलाही नालाचा एक वाकडा खिळा सापडला.

दुसऱ्या टोकाला पोचल्यावर ओळ थांबली. सगळ्या बायकांनी मुठी मिटलेल्या होत्या, आणि सवयीने सगळ्यांनी ओळीच्या मधोमध पाहिलं. खांदेकरी आमच्या मधून पुढे निघून गेले. आम्ही तशाच उभ्या होतो. ते खिळे आता कुणाच्या खिशात टाकायचे, हे आमच्यातल्या एकीलाही कळेना.